आधी कार्ड, मग बातमी

१

भांडारकाका फ्रीझरच्या खोलीत सापडले तेव्हा त्यांच्या अंगात नुसता सदरा होता. दाराला टेकून बसलेले, भुवयांवर बर्फाची भुकटी, उजव्या मुठीत ओळखपत्राचं कार्ड. त्यांचा जोडीदार ढब्बू जेवून आला, त्याने दार उघडलं आणि काका त्याच्या पायांवर कोसळले. नाडी लागत होती, पण कशीबशी. अॅम्ब्युलन्समध्ये घातलं तेव्हाही मुठीतलं कार्ड सुटलं नव्हतं. त्यांचं जाडजूड नारिंगी जॅकेट मात्र दाराबाहेरच्या खुंटीवर निवांत लटकत होतं.

गोदाम औषधांचं. चोरी होऊ नये म्हणून फ्रीझरमध्ये जायलाही कार्ड लागायचं आणि बाहेर यायलाही. चुकून कुणी अडकलंच तर आतल्या भिंतीवर एक लाल खटका होता. पण जागा पुरत नाही म्हणून गोदामप्रमुखाने त्याच्यासमोर छताला टेकतील अशी खोकी रचून ठेवली होती. म्हणजे काकांच्या हातात होतं ते फक्त कार्ड, आणि ते बंद करण्यात आलं होतं.

ते बंद करणारं बोट वरच्या मजल्यावरचं. ज्या बाईचं ते बोट, तिला अख्खी कंपनी पाठीमागे निरोपबाई म्हणायची.

तिच्या दारावर पाटी होती ‘मनुष्यबळ विकास’. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! गेल्या वर्षभरात तिने विकास कुणाचाच केला नव्हता, माणसं घरी पाठवली होती. पूर्वी एकदा काढून टाकलेला माणूस चिडून खाली गेला आणि त्याने बाटल्यांचे ट्रेच्या ट्रे फोडले. तेव्हापासून निरोपबाईने पद्धत बसवली. माणसाला वर बोलवायचं, दाराबाहेरच्या खुर्चीत बसवायचं. दुधी काचेतून तो बसलेला दिसला की त्याचं कार्ड बंद करायचं आणि मगच त्याला आत घ्यायचं. आधी कार्ड, मग बातमी. मोठ्या साहेबांनी तपशील न सांगता या पद्धतीचं भर सभेत कौतुक केलं होतं.

आत साक्षीला त्या विभागाचं कुणीतरी बसायचं. बातमी सांगून झाली की निरोपबाई शेवटचा प्रश्न विचारायची, “जाता जाता कंपनीला काही सांगायचंय?” आणि माणसं बोलायची. नोकरी गेल्यावर भीती कसली उरते? मागच्या खेपेला एक ड्रायव्हर असा काही बोलला, की त्याच्या बोलण्यावरून पुढे आणखी दोघे घरी गेले. त्या दिवशी गोदामप्रमुख आजारी होता, म्हणून औषधांची गुणवत्ता बघणाऱ्या तपासनीस बाई साक्षीला बसल्या होत्या. त्यांना ते सहन झालं नाही. रडल्या, निरोपबाईच्या बाटलीतलं सगळं पाणी पिऊन गेल्या.

आज पाळी भांडारकाकांची होती. गोदामप्रमुख शेजारी बसून मोबाइलवर क्रिकेटचा स्कोअर बघत होता. निरोपबाईला काचेतून खुर्चीवर नारिंगी रंगाचा ढीग दिसला. डोक्यावर टोपी ओढलेली, मांडीवर दोन निळे ठिपके. फ्रीझरवाल्यांचंच जॅकेट. तिने बटण दाबलं, नेहमीसारखे निरोपाचे कागद जुळवून घेतले आणि दार उघडलं.

खुर्ची रिकामी होती.

घाबरून पळाले असतील, असं तिला वाटलं. आता तिला कळत होतं, की काका त्या वेळी खाली बर्फात दार ठोकत होते. मग खुर्चीत कोण बसलं होतं?

२

“म्हणजे तुम्ही सावली बघून माणसाचं कार्ड बंद केलंत?” मोठ्या साहेबांनी विचारलं.

“साहेब, सावली नव्हती. कुणीतरी बसलं होतं.”

“कोण? गोदामप्रमुखाने कुणाला पाहिलं नाही. बाहेर आलात तेव्हा कुणी नव्हतं. हे बाहेर एका अक्षरानेही बोलू नका. तुम्हीही बुडाल आणि आम्हालाही बुडवाल.”

तिचा स्वतःवरचाच भरवसा उडत चालला होता. महिन्याला इतके निरोप दिल्यावर डोळ्यांना नाही ते दिसू लागलं असेल, तर?

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. आवाजात लोणी आलं. “हे बघा, जॅकेट बाहेर खुंटीवर होतं. एवढा जुना माणूस फ्रीझरमध्ये जॅकेटशिवाय जाईल? गेला, कारण त्याला परत यायचंच नव्हतं. नोकरी जाणार ही कुणकुण लागली असणार. धसक्याने माणूस काहीही करतो. संध्याकाळपर्यंत तसा अहवाल द्या, सही तुमची. कार्ड बंद होतं की चालू, हा प्रश्नच मग उरत नाही.”

“आणि काका शुद्धीवर आले तर?”

“डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंत ना?”

डॉक्टर म्हणाले होते, आशा फारशी धरू नका.

निरोपबाई आपल्या खोलीत परतली. सही केली तर ती सुटत होती. तिच्या घरात कमावणारी ती एकटी, आई अंथरुणाला खिळलेली, आणि चाळिशी उलटलेल्या बाईला दुसरी नोकरी कोण देणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? अशा बायांचे अर्ज तीच तर बाजूला काढून ठेवायची. पण सही केली तर बर्फात गोठलेल्या माणसाच्या माथी त्याचीच हत्या बसणार होती. चोर सोडून संन्याशाला सुळी.

तिने मान वर केली आणि दचकली. काचेपलीकडे खुर्चीत पुन्हा कुणीतरी बसलेलं होतं.

३

ती काकांची मुलगी होती. दवाखान्यातून तडक आलेली, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

“मॅडम, खालची माणसं म्हणतात, बाबांनी मुद्दाम केलं. खरंय?”

“बस आधी. पाणी घे.”

“पाणी नको. तुम्ही सांगा. सकाळी निघताना म्हणाले, येताना गॅसची शेगडी दुरुस्त करणाऱ्याला सांगून येतो, तू उगीच हात घालू नकोस. मरायला निघालेला माणूस शेगडीची काळजी करतो का हो?”

टेबलावर काकांचं जॅकेट होतं. अहवालाबरोबर जोडायला म्हणून तिने ते वर मागवलं होतं. मुलीने ते जवळ ओढलं, बाह्या चाचपल्या आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

“ह्या कुणी दुमडल्या?”

“काय?”

“बाह्या हो. बाबा काठीसारखे उंच. कंपनीचं कुठलंही जॅकेट त्यांना मनगटापाशी आखूड पडतं. वारा शिरतो म्हणून मी आतून निळ्या लोकरीची पट्टी विणून दिली. ती आत असते, कातडीला लागून. बाहेरून दिसायचीच नाही. बाबा बाह्या दुमडतील कशाला? त्यांना त्या आधीच पुरत नाहीत!”

दोन्ही बाह्या खरोखरच वर दुमडलेल्या होत्या आणि कडेला निळी लोकर उघडी पडली होती.

मांडीवर दोन निळे ठिपके.

निरोपबाईने काचेपलीकडच्या खुर्चीकडे पाहिलं. तिला भास झाला नव्हता. कुणीतरी काकांचं जॅकेट घालून, बाह्या दुमडून, टोपी ओढून त्या खुर्चीत बसलं होतं. ते जॅकेट दुसऱ्याच्या अंगावर होतं, म्हणून काका सदऱ्यावर होते.

“तू दवाखान्यात जा,” ती म्हणाली. “बाबांजवळ बस. मी सही करत नाही.”

“कसली सही?”

“ते नंतर सांगते. जा तू.”

मुलगी गेली. खिडकीतलं ऊन कलायला लागलं होतं.

४

काकांना काढणार हे गुपित होतं. म्हणजे काका सोडून सगळ्यांना माहीत होतं. पण त्या वेळी फ्रीझरच्या किंवा वरच्या मजल्याच्या आसपास वावरणारे तिघेच.

पहिला आला संगणकवाला. दारातून वाकून आत येणारा, हाडं मोजून घ्यावीत असा लांबलचक माणूस.

“माझ्याकडे संशयाने बघू नका मॅडम. मी नुसतं बटण बसवून दिलं. ते तुम्ही कधी दाबता हे मला काय ठाऊक? माझी समजूत, की समोरच्याने सही केली की दाबत असाल.”

“त्या वेळी कुठे होतास?”

“साहेबांच्या केबिनमध्ये, टेबलाखाली वायरी जोडत होतो. साहेब मला पायाने ढोसत होते. त्यांनाच विचारा.”

दुसरा ढब्बू. रडून रडून डोळे सुजलेले. बुटका, रुंद, आणि घाबरला की जास्तच रुंद दिसणारा.

“मॅडम, दोघांतला एकच राहणार होता ना? लोक म्हणतात, मीच केलं. काकांनी मला काम शिकवलं हो! मी डबा खायला गेलो, एवढंच.”

“कार्ड केव्हा बंद करतात, माहितेय तुला?”

“संध्याकाळी ना? घरी जाताना?”

“तुझं जॅकेट कुठे होतं?”

“खुंटीवर, काकांच्या शेजारी. खायला जाताना दोन्ही होती. नाही…” तो थांबला, डोळे बारीक केले. “नाही मॅडम. माझं एकटंच होतं. मला वाटलं, काका घालून आत गेले.”

“मग परत आलास तेव्हा?”

“दोन्ही होती. तेव्हा डोकं चाललंच नाही माझं.”

तिसऱ्या तपासनीस बाई. पांढरा कोट, लहानखुरी चण, चेहरा कोटाहून पांढरा. आल्या त्या निरोपबाईचा हातच धरून बसल्या.

“मला तुमचंच वाईट वाटतंय,” त्या म्हणाल्या. “लोक उचलली जीभ लावली टाळ्याला, वाट्टेल ते बोलतायत. तुम्ही काय करणार? खुर्चीत माणूस बसलेला दिसला, तुम्ही दाबलं बटण. यात तुमचा काय दोष?”

दिवसभरात पहिल्यांदा कुणीतरी असं बोललं होतं. निरोपबाईला त्या हातावर डोकं टेकून रडावंसं वाटलं.

“तुम्ही काकांना शेवटचं कधी पाहिलंत?” तिने कसंबसं विचारलं.

“सकाळी. नंतर मी प्रयोगशाळेतच होते.”

त्या गेल्या. निरोपबाईने डोळे पुसले आणि पेन उघडलं. अहवालाचा कागद समोर कोरा पडला होता. डोकं शिणलं होतं, आणि साहेबांचा शिपाई दोनदा डोकावून गेला होता.

मग पेन तिच्या हातातच थांबलं.

खुर्चीत माणूस बसलेला दिसला. हे बाईंना कुणी सांगितलं?

५

तिने बाईंना पुन्हा बोलावलं आणि निरोप धाडला, की आधी बाहेर खुर्चीत बसा. काचेतून आता पांढरा ढीग दिसत होता. निरोपबाई त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग दार उघडून तिने त्यांना आत घेतलं आणि जॅकेट त्यांच्यासमोर ठेवलं.

“कंपनीला माहीत आहे ते एवढंच, की काकांचं कार्ड मी बंद केलं. मी खुर्चीत कुणाला पाहिलं, हे मी एकट्या साहेबांना सांगितलं आणि त्यांनी माझं तोंड शिवलं. माझ्या शेजारी बसलेल्यालासुद्धा ते ठाऊक नाही, त्याचं लक्ष स्कोअरमध्ये होतं. मग तुम्हाला कसं कळलं?”

“मी… मी साक्षीला बसले होते ना मागे. तुमची पद्धत माहितेय मला. अंदाजाने बोलले.”

“तेच म्हणतेय. माझं बोट कधी हलतं हे कुणाला ठाऊक? संगणकवाल्याला वाटतं, सहीनंतर. ढब्बूला वाटतं, संध्याकाळी. गोदामातल्यांपैकी काचेच्या या बाजूला बसून ते पाहिलंय फक्त गोदामप्रमुखाने आणि तुम्ही. तो आज माझ्या शेजारी होता.”

“ढब्बू खोटं बोलत असेल.”

“असेलही. पण ढब्बूचं स्वतःचं नारिंगी जॅकेट शेजारच्याच खुंटीवर होतं. त्याला काकांचं घ्यायची गरज काय? नारिंगी जॅकेट उसनं घ्यावं लागतं ते ज्याच्याकडे नाही त्यालाच. तुमचं जॅकेट अधिकाऱ्यांचं, पांढरं. आणि ढब्बूचं घेतलं असतंत तर मला खुर्चीत ढोल दिसला असता. मी काकांची वाट बघत होते. संगणकवाल्याला या बाह्या पुरल्याही नसत्या. तुम्हाला त्या बोटांवर आल्या, म्हणून तुम्ही दुमडल्यात. परत ठेवताना सरळ करायचं राहून गेलं.”

बाईंनी नकळत आपली मनगटं कोटाच्या बाह्यांत ओढून घेतली. खाई त्याला खवखवे.

“का?” निरोपबाईने विचारलं. “त्या म्हाताऱ्याने तुमचं काय वाकडं केलं होतं?”

मग बाई भडाभडा बोलू लागल्या, बांध फुटावा तशा.

“एका रविवारी फ्रीझर बंद पडला होता. इशारा माझ्या फोनवर आला. माझा मुलगा तापाने फणफणला होता, मी त्याला सोडून कशी येणार? सोमवारी आले तोवर यंत्र आपोआप सुरू झालं होतं. औषधं वितळून पुन्हा गोठली होती. मी ती चांगली म्हणून पुढे पाठवली. काकांनी खोक्यांची बुडं पाहिली. ओली होऊन एकमेकांना चिकटलेली. त्यांना सगळं कळलं.”

“त्यांनी धमकी दिली?”

“नाही हो. पण तुम्ही त्यांना विचारणार होतात ना, जाता जाता काही सांगायचंय का? मी त्या ड्रायव्हरला ऐकलंय. त्या प्रश्नापुढे माणूस काही राखून ठेवत नाही. मला फक्त त्यांना या खोलीत येऊ द्यायचं नव्हतं. म्हटलं, न सांगता गैरहजर राहिले म्हणून त्यांना बाहेरूनच घालवतील. त्यांना म्हटलं, मागच्या कप्प्यातलं एक खोकं आणून द्या, मिनिटाचं काम आहे. ते खोकं मी आधीच ढिगाच्या तळाशी दडवलं होतं, शोधायला वेळ लागावा म्हणून. जॅकेट मी आधीच उचललं होतं. ते सापडेना तर म्हणाले, असू दे, मिनिटात थंडी काय करते.”

“कार्ड तुमच्याकडेही होतं. खाली परत जाऊन तुम्ही दार उघडू शकत होतात.”

“गेले होते.” बाईंचा आवाज एकदम खाली गेला. “जॅकेट खुंटीला लावलं. कार्ड हातात घेऊन दारापाशी उभी राहिले. आतून ठोकत होते. म्हटलं, उघडलं तर ते थेट वर जातील. आणखी थोडं थांबू. मग… मग ठोकणं थांबलं. मग मला उघडायची हिंमत झाली नाही.”

निरोपबाईला त्यांचा संताप आला. त्याहून मोठा संताप तिला स्वतःचा आला. बाईंनी सापळा लावला खरा, पण तो बनवून, घासूनपुसून, कौतुक करवून घेऊन इथे कुणी ठेवला होता?

दारात मोठे साहेब उभे होते. त्यांनी किती ऐकलं कोण जाणे, पण चेहरा उतरला होता.

“अहवाल झाला?” त्यांनी सवयीने विचारलं.

“नाही साहेब. पोलिसांना बोलवा. आणि ती औषधं कुठेकुठे गेली ते आधी शोधायला लावा. खटक्यापुढची खोकी कुणी रचली, तेही मी त्यांना सांगणार आहे. कार्ड कुणी बंद केलं तेही.”

“तुमची नोकरी राहणार नाही.”

“ठाऊक आहे. ते काम मीच करते ना.”

फोन वाजला. दवाखान्यातून काकांची मुलगी बोलत होती, पण रडण्यापुढे तिचा एकही शब्द कळेना.

६

काकांनी डोळे उघडले होते.

सकाळी निरोपबाई गेली तेव्हा ते उशांना टेकून बसले होते. दोन्ही हातांना पट्ट्या. उजव्या हाताची काही बोटं वाचणार नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. मुलगी त्यांना चमच्याने दूध पाजत होती. निरोपबाईला पाहून काका उठायची धडपड करू लागले.

“बसा ना मॅडम. पोरी, त्यांना स्टूल दे.”

तिने खाली मान घालून बाईंची सगळी हकिकत सांगितली, स्वतःचं बटण तेवढं वगळून. तपासनीस बाई, जॅकेट, खुर्ची. काका ऐकत राहिले. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच तिला सोसवेना.

“वेडी पोर,” ते शेवटी म्हणाले. “मी तिला म्हटलं होतं, तू होऊन सांग, मी येतो तुझ्याबरोबर. दोन-चार दिवस घे, पण सांग. माझ्या तोंडून नको, तुझ्या तोंडून जाऊ दे, म्हणजे निभावतील. मी कशाला बोललो असतो तुमच्याकडे तिच्याविषयी? तिच्या आधी तर नाहीच.” त्यांनी दुधाला मानेनेच नको म्हटलं. “पण मीही चुकलोच. औषधं चार दिवस थांबतात होय?”

मुलीने चमचा वाटीत ठेवला.

“बरं, ते राहू दे,” काका म्हणाले. “तुम्ही मला वर बोलावलं होतं. माझं यायचं राहूनच गेलं. काय काम होतं?”

ते वाक्य निरोपबाईला तोंडपाठ होतं. पुनर्रचना, खेद, भावी वाटचालीला शुभेच्छा. कितीजणांना तिने ते एका सुरात म्हणून दाखवलं होतं. आज त्यातला एक शब्द ओठांवर येईना.

“काका,” ती म्हणाली, “तुम्हाला कामावरून काढायला बोलावलं होतं.”

मुलीने तोंडावर हात धरला. काका नुसते बघत राहिले, जणू दुसऱ्याच कुणाची बातमी ऐकतायत.

“असं होय,” ते म्हणाले. मग काहीतरी आठवून त्यांनी विचारलं, “मग कार्ड?”

“ते आधीच बंद केलं होतं. मी.”

काकांनी आपल्या पट्ट्या बांधलेल्या उजव्या हाताकडे पाहिलं. उलटसुलट करून पाहिलं.

“आणि मी आपला सारखा लावून बघत होतो,” ते म्हणाले. “म्हटलं, थंडीने हात थरथरतोय, माझ्याच्याने नीट लागत नसेल.”